मदतीच्या ग्रुपमध्ये खोटी आई: पडताळणीचे एकवीस दिवस

रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या पालकांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दोनशेच्या वर पालक, रक्तपेढीत किंवा वॉर्डात काम केलेले चार-पाच जण आणि तीन अ‍ॅडमिन. एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट) डोनर कुठे मिळेल, केमोनंतर तोंड आलं तर काय भरवायचं, परळला राहायची सोय कशी होते, असं दिवसभर चालू असतं. जुलै २०२५ मध्ये या ग्रुपमध्ये कुणीतरी आई बनून शिरलं. ते उघड करून निस्तरेपर्यंत एकवीस दिवस गेले. त्यात आमच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. एकीत लोकांचे पैसे गेले, दुसरीत एका खऱ्या आईचं मन दुखावलं. असे ग्रुप चालवणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहोत.

आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी ७ जुलैला रात्री पावणेदहाला आवाहन आलं. नाशिककडची आई, पाच वर्षांचा मुलगा, एएलएल (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार), प्लेटलेट १८ हजारांवर आलेल्या. उद्या सकाळपर्यंत १,८०,००० भरले नाहीत तर उपचार थांबतील. सोबत मुलाचा फोटो, रुग्णालयाचं बिल आणि यूपीआयचा क्यूआर. पाठोपाठ दोन जणांनी दुजोरा दिला. एक म्हणाले, ‘मी स्वतः भेटून आलो.’ दुसरी म्हणाली, ‘मी त्याच वॉर्डात नर्स आहे.’ मंगळवार रात्रीपर्यंत ३१ जणांनी मिळून ४६,५०० रुपये पाठवले. हे सगळे स्वतःच्या मुलांची औषधं उधारीवर आणणारे लोक.

पहिली खूण त्याच रात्री समोर होती, ती आमच्या लक्षात नंतर आली. बी पॉझिटिव्हचे तीन डोनर तासाभरात यायला तयार झाले होते, तर उत्तर आलं, ‘डोनर नको, पैशांचं बघा.’ ज्या घरात मुलाच्या प्लेटलेट १८ हजारांवर आहेत, तिथे डोनर आधी हवा असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारलं, त्यालाही बगल दिली. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि नोंदीत असलेल्या रुग्णालयातली आरोग्यमित्रांची (रुग्णांना मदत करणारे योजनेचे कर्मचारी) खिडकी बहुतेक पालकांना पहिल्या आठवड्यातच माहीत होते. पैशांशिवाय येणारी प्रत्येक मदत नाकारली जात असेल तर तिथे थांबून बघावं, असं आता आम्ही सगळ्यांना सांगतो.

बुधवारी, ९ तारखेला, रक्तपेढीत तंत्रज्ञ असलेल्या एका सदस्याने खासगीत मेसेज केला. त्या ‘नर्स’ने लिहिलं होतं, ‘फ्रीजमध्ये ठेवलेल्या प्लेटलेट लगेच चढवल्या.’ प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या ट्रेवर, साधारण पाच दिवस टिकतात. फ्रीजमध्ये जातं ते रक्त. एखाद्या आईची किंवा काकांची अशी गल्लत होऊ शकते, आणि ती झाली म्हणून कुणी खोटं ठरत नाही. पण ब्लड कॅन्सरच्या वॉर्डातली नर्स हे वाक्य लिहिणार नाही. माणूस जे असल्याचा दावा करतो, त्या कामातली रोजची गोष्ट त्याला येते का, हे बघणं सगळ्यात भरवशाचं.

त्या रात्री आम्ही तिघांनी वेगळा ग्रुप केला आणि आधी पुरावा जपला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला स्वतःचा मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. सोमवारच्या रात्रीचे मेसेज गुरुवारी सकाळपर्यंत पुसले जाऊ शकत होते. म्हणून शंका आली की पहिलं काम ‘एक्स्पोर्ट चॅट’. मीडियाशिवाय शेवटचे सुमारे ४०,००० मेसेज येतात, मीडियासकट १०,०००. आम्ही दोन्ही प्रकारे काढलं. ग्रुपला ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ लावलेली असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, ते आधी तपासा. दुसरी अडचण अशी की एक्स्पोर्टमध्ये नंबर सेव्ह केलेला असला तर फक्त नाव दिसतं, नंबर दिसत नाही. म्हणून त्या तिन्ही खात्यांच्या माहितीच्या पानाचे नंबरसकट स्क्रीनशॉट वेगळे घेतले. आणि ज्या फोनवर मेसेज आले, तो फोन रीसेट करू नका, विकू नका. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा. सगळं एका पेनड्राइव्हवर टाकलं, तो ३५० रुपयांना पडला.

गुरुवारी, गुरुपौर्णिमेच्या दिवशी, फोटो आणि बिल घेऊन बसलो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतून कधी आणि कुठे काढला ही माहिती निघून गेलेली असते. फाइलच्या नावातली तारीख तो फोटो फोनमध्ये आला त्या दिवसाची असते, काढल्याची नाही. त्यावर कुणाला पकडू नका. आम्ही गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून शोधणाऱ्या साइटवर शोधलं, काही मिळालं नाही. मग एकाने फोटो मोठा करून पाहिला. मुलाच्या हातातल्या सुईजवळच्या चिकटपट्टीवर पेनाने काहीतरी लिहिलं होतं आणि ती अक्षरं उलटी होती, आरशात दिसतात तशी. फोटो आडवा पलटवलेला होता. शोध चुकवण्यासाठी हे करतात. सरळ करून, चेहरा कापून, फक्त पलंग आणि मागच्या भिंतीचा भाग टाकल्यावर दुसऱ्याच प्रयत्नात मूळ फोटो सापडला: काही वर्षांपूर्वीचं, परदेशातल्या एका मुलासाठीचं निधी संकलनाचं पान. चेहरा मुद्दाम कापला, कारण फोटो खरा निघाला असता तर आपल्याच ग्रुपमधल्या लेकराचा चेहरा आम्ही शोधयंत्रात टाकला असता.

बिलाचं काम जास्त शिकवून गेलं. एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी लावला होता. रुग्णालयातल्या उपचारांवर जीएसटी नसतो. दिवसाला ५,००० रुपयांच्या वरच्या, आयसीयू सोडून इतर खोलीच्या भाड्यावर ५ टक्के लागतो, तोही फक्त भाड्यावर. मग जीएसटी क्रमांक पाहिला. पंधरा अक्षरं-आकडे, सुरुवात २७ म्हणजे महाराष्ट्र, इथपर्यंत ठीक. पुढची दहा अक्षरं पॅनची असतात. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, खातं कुणाचं ते सांगतं: पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, टी म्हणजे ट्रस्ट. बिलावर नाव ट्रस्टच्या रुग्णालयाचं आणि सहावं अक्षर पी. एका डॉक्टरच्या मालकीच्या नर्सिंग होमच्या बिलावर पी असू शकतं, म्हणून तेवढ्यावर न थांबता जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला. तिथे लॉगइन लागत नाही, पैसे लागत नाहीत. क्रमांक एका कापड दुकानदाराच्या नावाचा निघाला.

काही गोष्टी आम्ही पुरावा धरल्या नाहीत, तेही सांगायला हवं. ‘नर्स’ आणि ‘भेटून आलेले काका’ दोघंही ‘आणि’ हा शब्द ‘आणी’ असा लिहीत होते. पण तसं अर्धा महाराष्ट्र लिहितो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होणं हा कीबोर्डचा दोष असतो. बोलून टाइप करणाऱ्यांच्या मजकुरात विरामचिन्हं नसतात. दोन खाती एकाच हाताची आहेत असं म्हणायला दुर्मिळ खूण लागते. इथे ती होती: आई, काका आणि नर्स, तिघंही स्वल्पविरामाच्या आधी दोन मोकळ्या जागा सोडत होते आणि रकमेच्या मागे ‘/=’ लावत होते. तिघांचे मिळून चाळीसेक मेसेज तक्त्यात मांडले तेव्हा आणखी एक दिसलं. एक बोलत असताना बाकी दोघं कधीच बोलत नव्हते, आणि मध्ये दोन-तीन मिनिटांचं अंतर ठरलेलं होतं.

दुसरी मोठी चूक त्याच संध्याकाळी घडली. साताऱ्याकडच्या एका ताईने मेसेज टाकला: मुलगी पुण्यात अ‍ॅडमिट, इंजेक्शनसाठी ९,००० कमी पडतायत. ट्रूकॉलरवर तिच्या नंबरला भलतंच नाव. यूपीआयवर पुरुषाचं नाव. फोन उचलत नव्हती. दिवसभर खोटेपणा उकरून आमची नजर बिघडली होती. आमच्यातल्या एकाने खासगीत न विचारता ग्रुपमध्येच लिहिलं, ‘ताई, आधी खरं काय ते सांगा.’ खाली आणखी सात-आठ जणांनी प्रश्नांची सरबत्ती केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते आम्ही केलं.

शुक्रवारी सकाळी सगळं उलगडलं. फोन तिच्या भावाचा, खातंही त्याचंच, कारण तिचं खातं गावच्या पतसंस्थेत आणि त्याला यूपीआय नाही. वॉर्डात फोन सायलेंट ठेवायचा नियम. ट्रूकॉलरवरचं नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये सेव्ह केलेल्या नावांवरून येतं; जुना नंबर नव्या माणसाकडे गेला की तिथे आधीच्याचंच नाव राहतं. यूपीआयवर आता बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचा नियम आहे, त्यामुळे ते नाव खरं असतं. पण ते नवऱ्याचं, भावाचं, दिराचं असणं आपल्या घरांमध्ये रोजचं आहे. विचारायला हवं होतं एवढंच, ‘हे खातं कुणाचं?’ तिने फाइलच्या कव्हरचा फोटो, वॉर्डाचं नाव आणि समाजसेवकांचा विस्तारित क्रमांक न मागता पाठवला आणि ती ग्रुपमध्ये बोलायची बंद झाली. जिथे शंका घेतली त्याच ग्रुपमध्ये, त्याच ठळकपणे आम्ही माफी लिहिली. ९,००० रुपये दुपारी थेट रुग्णालयात तिच्या मुलीच्या नावावर भरले. तिचं उत्तर आलं नाही. या सगळ्या प्रकरणात जिवाला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

शुक्रवारीच नाशिकच्या रुग्णालयात फोन केला. बिलावर छापलेल्या नंबरावर कधीच करायचा नाही. तो उचलणारा फसवणाऱ्यांचाच माणूस असू शकतो. रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा लँडलाइन घ्यायचा. रुग्ण दाखल आहे का हे ते सांगत नाहीत आणि सांगूही नये. आम्ही तीनच प्रश्न विचारले: मुलांच्या कर्करोगाचा वॉर्ड तुमच्याकडे आहे का, बाहेरच्या माणसाला रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर पैसे भरता येतात का, आणि समाजसेवा विभागाची वेळ काय. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं. धर्मादाय रुग्णालय असेल तर समाजसेवकांना विचारणं खूपच सोपं जातं. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत) आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत (३,६०,००० पर्यंत) ठेवायच्या असतात, आणि त्याची नोंद त्याच विभागात असते. पालकांच्या संमतीने ते खातरजमाही करून देतात.

शनिवारी १२ तारखेला नाशिकच्या त्या ‘आई’ला थेट विचारायचं ठरलं. तिघांपैकी एकाने लिहायचं, दुसऱ्याने सोबत वाचायचं, आरोप करायचा नाही. आम्ही पाठवलेला मेसेज जसाच्या तसा देतो, कारण पुढे तोच उपयोगी पडला: ‘नमस्कार ताई. ग्रुपसाठी आता एकच पद्धत ठेवतोय, रक्कम थेट रुग्णालयात भरायची. बाळाचा नोंदणी क्रमांक आणि समाजसेवकांचं नाव कळवाल का? मदत थांबवायची नाहीये, फक्त मार्ग बदलतोय.’ खऱ्या पालकाला याचं उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतात, कारण नोंदणी क्रमांक प्रत्येक केस पेपरवर असतो. मेसेजमध्ये अपमान नाही, त्यामुळे खरा माणूस दुखावत नाही. आपल्याला काय काय सापडलंय ते यात अजिबात लिहायचं नाही. चूक कळली की पुढचं बिल सुधारून येतं.

उत्तरं ज्या क्रमाने आली तो क्रम अशा प्रकरणात बहुधा हाच असतो. आधी रडणं, मग उशीर (‘फाइल डॉक्टरांकडे आहे’), मग ‘माणुसकी मेली’, मग नर्सच्या खात्यावरून आमच्यावर चढाई. शेवटी रात्री साडेदहाला, ‘आता मुलाला घेऊन जीव देते.’ समोरचं माणूस खोटं आहे याची खात्री असली तरी हे वाक्य खोटं धरायचं नाही. खोट्या नावामागेही जिवंत माणूस असतो. आम्ही वाद तिथेच थांबवला, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक पाठवला आणि ११२ वर फोन करून मोबाइल नंबर आणि मेसेज सांगितला. पुढच्या वीस मिनिटांत तिन्ही खाती ग्रुपमधून बाहेर पडली आणि तिन्हींचा प्रोफाइल फोटो गेला.

इथे आमची पहिली, पैशांची चूक आहे. क्रम उलटा झाला. तक्रार आधी आणि जाब नंतर, असं हवं होतं. जाब विचारताच समोरचा सावध होतो आणि पैसे पुढच्या खात्यात सरकवतो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनचा उपयोगच पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवायला आहे, त्यात तास मोजले जातात. बुधवारी रात्री प्लेटलेटचं वाक्य हातात आलं तेव्हाच फोन करायला हवा होता. ‘पूर्ण खात्री झाल्यावर बघू’ म्हणत आम्ही रविवारी केला. ४६,५०० पैकी ६,३०० रुपये एका खात्यात अडवता आले.

तक्रार अ‍ॅडमिनने सगळ्यांच्या वतीने करून चालत नाही. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने करायची: १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. फी नाही. हाताशी ठेवायचं ते बँकेचं नाव, तारीख-वेळ, रक्कम आणि यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक. तो अ‍ॅपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. लोक गडबडीत अ‍ॅपचा स्वतःचा लांबलचक व्यवहार क्रमांक देतात आणि तक्रार अडते. ३१ पैकी १९ जणांनी केली. ५०० रुपये गेलेल्यांना कटकट नको होती, त्यांना आम्ही फार आग्रह केला नाही. सोमवारी दोघे जण पेनड्राइव्ह आणि छापील कागद घेऊन सायबर पोलीस ठाण्यात गेले. एका पानाचा घटनाक्रम सगळ्यात कामाला आला, बाकीची साठ पानं परिशिष्ट म्हणून जोडली. झेरॉक्स १८० रुपये, सही-शिक्क्याची पोच घेऊन निघायला सव्वादोन तास. लागू होणारी कलमं म्हणजे तोतयेगिरी करून फसवणुकीचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ड (तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड) आणि भारतीय न्याय संहितेतली ३१८ आणि ३१९. अडवलेली रक्कम परत मिळवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज केला.

ग्रुपला काय सांगायचं यावर आमचं दोन तास डोकं चाललं. क्यूआरवर जे नाव होतं ते टाका, असा रेटा होता. टाकलं नाही. पैसे फिरवायला भाड्याने घेतलेली खाती सर्रास वापरली जातात. खातेदार आणि फसवणारा एकच असेल असं नसतं, आणि नाव फिरवलं तर न्याय संहितेच्या ३५६ खाली बदनामीची तक्रार आपल्यावर येऊ शकते. म्हणून तेवढंच लिहिलं जे दाखवता येत होतं: फोटो दुसऱ्या मुलाचा आहे, बिलावरचा जीएसटी क्रमांक त्या रुग्णालयाचा नाही, त्या रुग्णालयात असा वॉर्ड नाही, पोलिसांत कळवलं आहे, पैसे दिलेल्यांनी १९३० वर तक्रार करावी. अ‍ॅडमिनलाच धरतील अशी भीती काहींना होती. सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे, ते त्यांना दाखवलं.

त्यानंतर जे झालं त्याची आम्ही तयारी केली नव्हती. एका आजीने त्या मुलासाठी तीन दिवस मृत्युंजयाचा जप केला होता. तिने फोन करून विचारलं, ‘मग तो फोटोतला पोरगा कसा आहे आता?’ पैसे न दिलेलेही रडत होते. अमेरिकेत २००१ मध्ये केसी निकोल नावाच्या ल्युकेमिया झालेल्या मुलीच्या बाबतीत हेच झालं होतं. हजारो लोक तिच्या मृत्यूने हळहळले आणि काही दिवसांत कळलं की ती मुलगी नव्हतीच, कॅन्ससमधली एक मोठी बाई तिच्या नावाने लिहीत होती. आजारपणाच्या अशा ऑनलाइन सोंगाला मार्क फेल्डमन या मनोविकारतज्ज्ञाने त्याच्या आदल्याच वर्षी नाव दिलं होतं, ‘मुंचहाउझन बाय इंटरनेट’. सगळेच पैशासाठी येत नाहीत, काही जण फक्त काळजी गोळा करायला येतात. ज्यांचं दुःख खरं होतं त्यांना ‘फसलात’ म्हणून गप्प करू नये. आम्ही दोन संध्याकाळी ग्रुप फक्त त्या बोलण्यासाठी मोकळा ठेवला.

नियम थोडेच बदलले. नवीन सदस्याला अ‍ॅडमिनच्या मान्यतेनेच प्रवेश आणि आधी एक फोन. पैशांचं आवाहन आधी अ‍ॅडमिनकडे, रक्कम फक्त रुग्णालयाच्या खात्यात. पडताळणीसाठी घेतलेले कागद तीस दिवसांत डिलीट, कारण त्यावर मुलांची नावं आणि आजार असतात. आणि शंका कधीही ग्रुपमध्ये विचारायची नाही.

साताऱ्याची ताई रविवारी २७ जुलैला ग्रुपमध्ये लिहिती झाली. माफीबद्दल एक अक्षर नाही. ‘ओ पॉझिटिव्ह एसडीपी लागेल उद्या सकाळी नऊला. वॉर्ड आणि रक्तपेढीचा नंबर खाली देते आहे.’ साडेनऊपर्यंत दोन डोनर तिथे पोचले होते. त्यातला एक तो, ज्याने तिला ग्रुपमध्ये ‘खरं काय ते सांगा’ म्हटलं होतं.